गुलबर्ग्याचे केशवराव वकील

निजामाच्या हैदराबाद संस्थानातील गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) आणि बिदर या दोन जिल्ह्यांच्या राजकीय इतिहासाचा आरंभ बहुधा १९३८ च्या सत्याग्रहापासून सांगितला जातो. ज्या मुलखात त्याआधी निवडणूक नव्हती, पक्ष नव्हता आणि परवानगीवाचून सभा घेणेही अवघड होते, त्या मुलखाविषयी तसे सांगणे स्वाभाविकही आहे. परंतु सत्याग्रहाची हाक आली तेव्हा ती ऐकून उठणारी लिहितीवाचती पिढी या भागात तयार कोठून झाली, हा प्रश्न विचारला की इतिहासाची सुरुवात निदान तीन दशके मागे न्यावी लागते, आणि तेथे केशवराव संतुकराव कोरटकर हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. १८६७ साली वसमत तालुक्यातील पूर्जळ या गावी त्यांचा जन्म झाला. हे गाव तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील आणि आताच्या हिंगोली जिल्ह्यातील. तरुण वयात ते गुलबर्ग्याला येऊन स्थायिक झाले, तेथे वकील म्हणून उभे राहिले, पुढे हैदराबादेत गेले आणि त्याच संस्थानच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९३२ साली त्यांचे निधन झाले. सभेची वाट बंद असलेल्या राज्यात सार्वजनिक जीवन शाळेच्या वाटेने उभे करता येते, हे या सीमाभागाला त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले; त्या पद्धतीचे बळ आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी आजही नीट समजून घेण्यासारख्या आहेत.

दख्खनमध्ये नव्या ठिकाणी जाऊन वस्ती करणे म्हणजे रान तोडून शेत करणे असा अर्थ एकोणिसाव्या शतकात फारसा उरला नव्हता, कारण येथील गावे शेकडो वर्षांची जुनी होती आणि त्यांची पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी ही वतने, म्हणजे वंशपरंपरेने चालणारे अधिकार आणि त्यांची उत्पन्ने, केव्हाच वाटली गेली होती. नवे होते ते जिल्ह्याचे ठिकाण. १३४७ साली बहमनी सत्तेची राजधानी झालेले गुलबर्गा पंधराव्या शतकात राजधानी बिदरला हलल्यानंतर मागे पडले होते, आणि ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यामुळे व शरणबसवेश्वरांच्या स्थानामुळे यात्रेकरूंचा राबता असला तरी राज्यकारभाराच्या दृष्टीने त्याला फारसे महत्त्व उरले नव्हते. दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६० च्या दशकात जी जिल्हाबंदी केली, म्हणजे मक्तेदारांकडून वसुली करून घेण्याची जुनी रीत मोडून पगारी अधिकाऱ्यांचे जिल्हे आणि तालुके आखले, तिने या शहराचे दिवस पालटले. पुढे गुलबर्गा हे सुभ्याचे ठाणे झाले. सुभा म्हणजे अनेक जिल्ह्यांचा विभाग, त्याचा मुख्य तो सुभेदार, आणि त्याच्या हाताखाली प्रत्येक जिल्ह्याला अव्वल तालुकदार, म्हणजे इंग्रजी मुलखातल्या कलेक्टरासारखा अधिकारी. विसाव्या शतकाच्या आरंभी गुलबर्गा, रायचूर, उस्मानाबाद आणि बिदर हे चारही जिल्हे या सुभ्यात मोडत होते, त्यामुळे आज तीन राज्यांत विभागल्या गेलेल्या एका मोठ्या पट्ट्याचा कारभार या एका शहरातून चालत होता.

त्यात १८७१ साली सोलापूरहून रायचूरकडे जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची आगगाडी गुलबर्ग्यावरून धावू लागली, आणि १८७४ मध्ये वाडी जंक्शनपासून हैदराबादपर्यंतचा फाटा तयार झाला. यामुळे गुलबर्गा एकाच वेळी मुंबई, पुणे, मद्रास आणि हैदराबाद या चारही शहरांशी जोडले गेले, तर शेजारचे बिदर मात्र १९३० च्या सुमारापर्यंत रुळांपासून दूरच राहिले. कापसाचा व्यापार वाढला, १८८० च्या दशकात शहरात सूतगिरणी उभी राहिली, आणि अडते, कारकून, मास्तर, वकील असा पूर्वी या गावात नसलेला एक वर्ग येऊन राहू लागला. मराठी भाषकांना हा मुलूख परका वाटण्याचे कारण नव्हते. भीमा आणि अमरजा यांच्या संगमावरचे दत्तक्षेत्र गाणगापूर याच जिल्ह्यात आहे, हुमनाबादजवळचे माणिकनगर माणिकप्रभूंच्या संस्थानामुळे मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्या भक्तांनी गजबजलेले असे, आणि भालकी, औराद, कल्याणी (आजचे बसवकल्याण), आळंद या भागांत घरोघर मराठी व कन्नड दोन्ही भाषा चालत. केशवरावांसारखा वसमतकडचा तरुण गुलबर्ग्याला आला तो या नव्या शहराच्या ओढीने. गोदावरीच्या खोऱ्यातून जाणारी मनमाड–सिकंदराबाद गाडी त्या वेळी अजून सुरू व्हायची होती, ती शतक संपता संपता आली. तेव्हा तिकडच्या माणसाला दक्षिणेत यायचे तर बैलगाडी किंवा टांगा हाच मार्ग होता. कुटुंबाची जमीन आणि भाऊबंद सोडून इतक्या लांब येऊन परीक्षा देणे आणि तेथेच घर मांडणे, यात त्या काळच्या माणसाने घेतलेला धोका आज सहज लक्षात येत नाही.

वकिली हा व्यवसायही त्या काळी नवाच होता. संस्थानचे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्यांच्या धर्तीवर हळूहळू घडत होते, वकिलांसाठी सरकारी परीक्षा होत्या आणि त्या परीक्षेप्रमाणे वकिलांचे दर्जे ठरत. न्यायालयांची भाषा पूर्वी फारसी होती. १८८० च्या दशकात तिच्या जागी उर्दू आली. तारखा फसली सनात लिहिल्या जात. महसूलाच्या हंगामाशी जोडलेला हा सन इसवी सनाहून सुमारे ५९० वर्षांनी मागे असल्यामुळे इसवी सन १९०७ म्हणजे फसली १३१७ च्या आसपासचे साल. पैशाचे व्यवहार संस्थानच्या हाली सिक्क्यात होत, आणि हे नाणे इंग्रजी मुलखातील कलदार रुपयाहून हलके होते. साधारणपणे सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा हिशेब धरला जाई. अशा राज्यात वकील होणे म्हणजे केवळ कायदा शिकणे नव्हते.

वतनाचा किंवा इनामाचा एखादा साधा दावा पाहिला तरी हे ध्यानात येते. दाव्याच्या मुळाशी असलेली जुनी सनद फारसीत असायची. गावचे दप्तर कुळकर्ण्याने मोडी लिपीत, मराठीत ठेवलेले असायचे. जमीन कसणाऱ्या कुळाची आणि शेजाऱ्यांची साक्ष कन्नडमध्ये किंवा सीमेवरच्या मिश्र बोलीत व्हायची. अर्ज, कैफियत आणि निकाल उर्दूत लिहावे लागत. आणि एखादा कायद्याचा मुद्दा अडला तर इंग्रजीत छापलेले मुंबईचे किंवा कलकत्त्याचे निवाडे चाळावे लागत. या पाच भाषा–लिप्यांचे धागे एका टेबलावर जुळवून अशिलाच्या बाजूने सुसंगत हकीकत उभी करणे हे वकिलाचे रोजचे काम होते. शिवाय प्रत्येक गाव दिवाणीत, म्हणजे थेट सरकारी अमलाखाली, असेलच असे नसे. काही गावे निजामाच्या खासगी उत्पन्नाच्या मुलखात, ज्याला सर्फेखास म्हणत, मोडत; काही पायगेत, म्हणजे फौज बाळगण्यासाठी बड्या उमराव घराण्यांना तोडून दिलेल्या जहागिरीत; बिदर जिल्ह्यातील चिटगुप्पा पायगेत होते, तर कल्याणीला स्वतंत्र नवाबांची जहागीर होती. गाव कोणाच्या अमलाखाली आहे यावर कर, न्याय आणि दाद मागण्याची जागा ठरत असल्यामुळे सामान्य शेतकऱ्याला वकील हाच सरकारशी बोलणारा माणूस होता. मतपेटी नसलेल्या राज्यात लोकांचे प्रतिनिधित्व प्रत्यक्षात कोण करत होते, याचे उत्तर येथे सापडते. तालुका आणि जिल्ह्याच्या पातळीवर ‘लोकल फंडा’चे म्हणजे शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा घेऊन चालवलेले बोर्ड होते खरे, पण त्यांचे सभासद सरकार नेमत असे. लोकांनी आपल्या गरजेपोटी गाठावा असा माणूस म्हणजे वकील, आणि म्हणूनच या भागातील पहिले पुढारी जवळजवळ सगळे वकिलांतून आले.

गुलबर्ग्याच्या या वर्षांत केशवराव नुसते यशस्वी वकील होऊन राहिले नाहीत, याचे श्रेय काही अंशी त्या रेल्वेलाही द्यावे लागते, कारण तिच्यामुळे पुण्याची वर्तमानपत्रे आणि पुण्याची माणसे दोन्ही या शहरात पोहोचत होती. लोकमान्य टिळकांनी १८९१ च्या सुमारास लातूरला सरकी काढण्याचा, म्हणजे जिनिंगचा, कारखाना सुरू केल्यामुळे निजामाच्या मुलखाशी त्यांचा संबंध आला होता, आणि केशवरावांशी त्यांचा स्नेह जुळला. दुसरीकडे स्वामी दयानंदांच्या आर्य समाजाचा विचार केशवरावांना पटला आणि हैदराबादच्या आर्य समाजाचे ते आधारस्तंभ झाले. टिळकांचे राष्ट्रकारण आणि सुधारकांचे समाजकारण यांच्यात पुण्यात जी उभी फूट पडली होती ती हैदराबाद संस्थानात तशी पडली नाही, आणि केशवरावांचे आयुष्य हे त्याचे चांगले उदाहरण आहे. टिळकांशी मैत्री ठेवून विधवाविवाह, स्त्रीशिक्षण आणि जातिभेदनिवारण यांचा पुरस्कार त्यांना करता आला. फूट पडली नाही याचे कारण तेथील माणसे अधिक उदार होती असे नव्हे, तर राजकारणाचे मैदानच मिळाले नव्हते, त्यामुळे सुधारणेचे काम हेच दोन्ही बाजूंना एकत्र आणणारे काम ठरले, असे मानणे अधिक योग्य.

एकोणिसावे शतक संपत असताना केशवराव वकिलीसाठी हैदराबादेत गेले, परंतु गुलबर्ग्याशी त्यांनी संबंध तोडला नाही, आणि १९०७ साली त्या शहरात जे नूतन विद्यालय सुरू झाले त्याच्या संस्थापकांत ते अग्रभागी होते. त्याच सुमारास हैदराबादेत विवेकवर्धिनी ही मराठी शाळा उभी राहिली, आणि तिच्या उभारणीतही केशवराव, जहागीरदार असूनही लोकांच्या बाजूने उभे राहणारे वामन नाईक, आणि चित्रकार व वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वाटा होता. सातवळेकरांचाही जन्म १८६७ चाच. चित्रकलेच्या व्यवसायासाठी हैदराबादेत आलेले हे गृहस्थ आर्य समाजाच्या व्याख्यानांमुळे आणि राष्ट्रीय वृत्तीच्या लेखनामुळे सरकारच्या डोळ्यांवर आले आणि त्यांना अखेर हैदराबाद सोडावे लागले. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत, जेव्हा इंग्रज रेसिडेंट आणि निजामाचे सरकार दोघेही मराठी शाळांकडे संशयाने पाहत होते, तेव्हा अशा माणसांच्या संगतीत शाळा काढणे हे राजकीय धाडसच होते, आणि केशवरावांनी ते एकाच वेळी दोन शहरांत केले.

अशी शाळा इतकी महत्त्वाची का होती, हे समजण्यासाठी संस्थानच्या शिक्षणाची अवस्था पाहिली पाहिजे. १९०१ च्या शिरगणतीत संस्थानची लोकसंख्या एक कोटी अकरा लाखांच्या घरात होती, तिच्यापैकी सुमारे निम्म्यांची भाषा तेलुगू, चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिकांची मराठी, शेकडा चौदांच्या आसपास लोकांची कन्नड आणि शेकडा दहांची उर्दू होती. साक्षरांचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. सरकारी शिक्षणाचा वरचा टप्पा मात्र उर्दूकडे अधिकाधिक झुकत गेला, आणि १९१७ च्या फर्मानाने स्थापन होऊन १९१८ साली आकाराला आलेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दू केले. उस्मानियाचा प्रयोग, देशी भाषेत विज्ञान आणि वैद्यक शिकवण्याचा, हा हिंदुस्थानात अपूर्व होता आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण शेकडा नव्वद प्रजेची ती मातृभाषा नव्हती, एवढे खरे. अशा स्थितीत भालकीच्या किंवा आळंदच्या मुलाला आपल्या घरच्या भाषेत सुरुवात करून पुढे मॅट्रिकपर्यंत जाण्याची सोय देणारी खासगी शाळा ही त्याच्या नोकरीची, वकिलीची आणि अखेर नागरिक म्हणून बोलण्याची पहिली पायरी होती.

सरकारलाही हे कळत होते. १९२० च्या दशकात खासगी शाळा काढण्यासाठी सरकारची आगाऊ परवानगी घेण्याचे बंधन घातले गेले, आणि त्यानंतर संस्थानातील खासगी शाळांची संख्या झपाट्याने घसरली. सभांवरही बंधने आली. ‘गश्ती निशान तिरपन’ या नावाने ती लोकांच्या तोंडी राहिली. गश्ती म्हणजे सरकारी खात्यांकडे पाठवलेले परिपत्रक. कायदेमंडळातून न जाता नुसत्या परिपत्रकाने लोकांचे हक्क आखडता येत असत, यातच त्या राज्यव्यवस्थेचे खरे रूप दिसते. या गश्तीप्रमाणे सभा घ्यायची तर आधी अर्ज करून परवानगी मिळवावी लागे. अशा काळात नूतन विद्यालय आणि विवेकवर्धिनी आधीच उभ्या होत्या, त्यांच्या इमारती, वर्ग, वार्षिक समारंभ, व्याख्याने चालू होती, आणि त्या आडोशाने माणसांना एकत्र जमता येत होते. केशवरावांच्या पिढीला भीरू म्हणणारे, अर्ज–विनंत्यांचे राजकारण करणारे म्हणून तिला मोडीत काढणारे टीकाकार पुढे झाले, पण जी शाळा बंदीच्या आधी उघडली गेली तिनेच बंदीच्या काळात माणसे टिकवली, हे या टीकेत विसरले जाते.

तरीही या कामाला एक मर्यादा होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. विवेकवर्धिनीच्याच आवारात नोव्हेंबर १९२१ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली होती. तेथे अल्लमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलू लागताच श्रोत्यांतून त्यांची हुर्यो झाली. उर्दू, मराठी, इंग्रजीत भाषणे चालत असताना संस्थानातील सर्वांत मोठ्या भाषेला मात्र अशी वागणूक मिळावी याचा तेलुगू मंडळींना इतका सल लागला की त्यांनी त्याच वेळी आंध्र जनसंघाची स्थापना केली, आणि त्यातून पुढे आंध्र महासभेची मोठी चळवळ उभी राहिली. मराठी सुधारकांच्या घरात घडलेला हा प्रसंग त्यांच्या दृष्टीचे अपुरेपण दाखवतो. हैदराबादेतील मराठी सुशिक्षितांचा वर्ग संख्येने लहान पण सरकारी कचेऱ्यांत व वकिलीत पुढे होता, आणि आपली प्रगती म्हणजेच प्रजेची प्रगती असे त्याला सहज वाटत असे. गुलबर्ग्याच्या कन्नड भाषकांनाही आपल्या भाषेसाठी पुढे वेगळी संघटना उभारावी लागली. सीमाभागात लोकांना जोडणारे काम एका भाषेपुरते राहिले की दुसऱ्या भाषेच्या माणसाला ते आपल्याविरुद्ध वाटते, हा धडा १९२१ मध्येच मिळाला होता आणि तो पुरेसा घेतला गेला नाही, असे म्हणावे लागते.

केशवरावांच्या स्वतःच्या वृत्तीत मात्र हा संकोच दिसत नाही. १९२० च्या खिलाफत चळवळीच्या काळात हैदराबादेत ज्या हिंदू–मुस्लिम सभा झाल्या त्यांच्या पुढाऱ्यांत बॅरिस्टर असगर आणि रायचूरचे पंडित तारानाथ यांच्या बरोबरीने पंडित केशवरावांचे नाव येते. आर्य समाजाचा पुढारी खिलाफतीच्या व्यासपीठावर असणे हे पुढच्या दोन दशकांतील कटुता पाहता आज आश्चर्याचे वाटते, पण त्या क्षणी हैदराबादेत हे शक्य होते आणि ते शक्य करण्यात केशवरावांसारख्या माणसांचा हात होता. यानंतर त्यांना निजामाच्या उच्च न्यायालयात न्यायाधीशपद मिळाले. सरकारने एका चळवळ्या माणसाला खुर्ची देऊन गप्प केले, असा अर्थ याचा काढता येईल, आणि सत्तेच्या बाजूने तसा हेतू असणे अशक्य नाही. परंतु न्यायदानाच्या जागी लोकांतून आलेला, कुळाची भाषा कळणारा माणूस बसणे ही त्या राज्यात लहान गोष्ट नव्हती, आणि पद स्वीकारल्याने त्यांच्या संस्था बंद पडल्या नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

राजकारण ज्याला म्हणावे ते या काळात संस्थानाच्या हद्दीबाहेरच करावे लागत होते. हैदराबाद संस्थानच्या प्रजेच्या राजकीय परिषदा १९२३ मध्ये काकिनाडा, १९२६ मध्ये मुंबई, १९२८ मध्ये पुणे आणि १९३१ मध्ये अकोला येथे भरल्या. जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकनियुक्त विधिमंडळाला उत्तरदायी असणाऱ्या मंत्र्यांच्या सरकारची, मागणी त्यांतून मांडली गेली. पुण्याच्या परिषदेचे अध्यक्ष साहित्यसम्राट न. चिं. केळकर होते. आपल्या राज्याविषयी बोलण्यासाठी परक्या राज्यात गाडीने जावे लागणे हा अपमान त्या पिढीने सोसला, आणि गुलबर्गा–सोलापूर–पुणे ही रेल्वेची वाट या राजकारणाचीही वाट झाली.

१९३२ साली केशवराव गेले तेव्हा हैदराबाद स्टेट काँग्रेस अजून जन्मली नव्हती. ती १९३८ मध्ये निघाली, निघताच तिच्यावर बंदी आली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. सोबतच आर्य समाजाचा सत्याग्रहही पेटला आणि त्याचा भार बिदर व गुलबर्गा जिल्ह्यांवर विशेष पडला. बिदर जिल्ह्याच्या उदगीरला वकिली करणारे भाई बन्सीलाल आणि भाई श्यामलाल हे बंधू त्यातले अग्रणी. श्यामलाल यांचा डिसेंबर १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. वकिलाने अर्ज लिहून लोकांची बाजू मांडण्याच्या काळापासून वकिलाने स्वतः तुरुंगात मरण्याच्या काळापर्यंतचे हे अंतर या सीमाभागाने एका पिढीत ओलांडले. केशवरावांचे चिरंजीव विनायकराव हे कांगडीच्या गुरुकुलात शिकून विद्यालंकार झाले आणि पुढे बॅरिस्टर झाले. आर्य सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांत ते होते, संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर हैदराबाद राज्याचे मंत्री झाले आणि १९५७ मध्ये हैदराबाद मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. वडिलांच्या स्मरणार्थ हैदराबादच्या नारायणगुडा भागात सुरू झालेली केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था आजही चालू आहे.

प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक १९५२ साली झाली तेव्हा गुलबर्ग्याच्या मतदारांनी स्वामी रामानंद तीर्थ यांना लोकसभेवर पाठवले. विजापूर जिल्ह्यातील सिंदगीला जन्मलेले, मराठवाड्यात शिक्षक म्हणून काम केलेले आणि मराठी व कन्नड दोन्ही आपल्या मानणारे हे संन्यासी त्या मतदारसंघाच्या मिश्र स्वभावाला साजेसे प्रतिनिधी होते. बिदरमधून त्याच वेळी शौकतुल्लाशाह अन्सारी निवडून आले. एका मराठी–कन्नड सुभ्याच्या दोन शेजारी मतदारसंघांनी पहिल्याच निवडणुकीत एक हिंदू संन्यासी आणि एक मुस्लिम राष्ट्रवादी पाठवावा, तोही रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र दलाच्या, अत्याचारांनंतर चार वर्षांच्या आत, ही गोष्ट या भागाविषयी लिहिताना फारच क्वचित सांगितली जाते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यपुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्य संपले. गुलबर्गा, रायचूर आणि बिदरचा मोठा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. झहीराबाद आणि नारायणखेडकडचा भाग आंध्रात गेला. त्यामुळे केशवरावांचे जन्मगाव आज महाराष्ट्रात, त्यांचे पहिले कार्यक्षेत्र आणि नूतन विद्यालय कर्नाटकात, आणि विवेकवर्धिनी व त्यांचे न्यायालय तेलंगणात आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथील मराठी भाषकांचा प्रश्न महाराष्ट्राच्या सीमावादात बेळगावच्या मागोमाग घेतला जातो, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यातही हा भाग आहे. पण बिदर–गुलबर्ग्याच्या मराठी माणसाचा स्वतःचा इतिहास बेळगावहून अगदी वेगळा आहे, कारण तो मुंबई इलाख्याच्या नव्हे तर निजामाच्या राज्याखाली घडला, आणि त्याला उर्दू शिकावी लागली, कन्नड शेजाऱ्याशी वतनाचे भांडण आणि नाते दोन्ही सांभाळावे लागले. या इतिहासाची सामग्री अजून उर्दू निकालपत्रांत, मोडी दप्तरांत आणि फसली सनाच्या तारखांखाली पडून आहे, आणि ती वाचू शकणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. २०१७ च्या ऑक्टोबरात बिदर आणि कलबुर्गी यांना थेट जोडणारा रेल्वेमार्ग अखेर सुरू झाला. केशवरावांच्या तरुणपणी ज्या अंतरासाठी बैलगाडीशिवाय इलाज नव्हता ते अंतर आता काही तासांचे झाले आहे, आणि हुमनाबाद–कमलापूरमार्गे जाणाऱ्या या गाडीत भालकी–बिदरकडची विद्यार्थी मंडळी कलबुर्गीच्या महाविद्यालयांसाठी चढतात.